चित्रपटांना अर्थसाहाय्य करणाऱ्या छोट्या कंपनीचा शेअर घेण्यापूर्वी

केवळ तिमाही नफा पाहून आपण हा शेअर घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. चित्रपटाचे हक्क हस्तांतरित झाले की विक्री हिशेबात धरली जाते, परंतु वाहिनी किंवा ओटीटी मंचाकडून पैसे अनेकदा हप्त्यांनी येतात. त्यामुळे निव्वळ नफा आणि व्यवसायातून आलेली रोकड यांची किमान तीन वर्षांची तुलना करावी. काही कंपन्या हक्कखरेदीचा खर्च रोकड-प्रवाहाच्या पत्रकात गुंतवणुकीच्या रकान्यात दाखवतात, तोही या रोकडीतून वजा करावा.

सर्वांत बारकाईने पाहावे ते निर्मात्यांना दिलेल्या आगाऊ रकमांकडे: त्या कोणाला दिल्या, किती जुन्या आहेत, चित्रपट पूर्ण झाला का, आणि लेखापरीक्षकांनी त्यांविषयी काय नोंदवले आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने जून 2023 मध्ये इरॉस इंटरनॅशनल मीडिया या चित्रपट कंपनीबाबत काढलेल्या अंतरिम आदेशात अशाच आगाऊ रकमा आणि त्यांचे निर्लेखन (वसूल होणार नाहीत असे धरून हिशेबातून काढून टाकणे) हा कळीचा मुद्दा होता. प्रवर्तकांनी (कंपनीवर ताबा असलेल्या मुख्य मालकांनी) आपले शेअर तारण ठेवले आहेत का, हेही पाहावे.

रोजची उलाढाल अत्यल्प असेल, तर रक्कम लहानच ठेवावी, कारण भाव खालच्या सर्किटला (एका दिवसातील घसरणीच्या ठरलेल्या मर्यादेला) लागल्यावर विकायची इच्छा असूनही खरेदीदार मिळत नाही.