जुन्या डेस्कटॉपवर घरचा फ्लाइट सिम्युलेटर: विंडोज, लिनक्स की मॅक?

तुमचा प्रश्न मला असा समजला: मुलगी बारावीत आहे, पुढे सीपीएल (व्यावसायिक पायलटचा परवाना) करायचं तिने ठरवलंय आणि त्याआधी घरी सरावासाठी सिम्युलेटर उभा करायचाय. घरात २०१७ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. सातव्या पिढीचा आय-५, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड, आणि त्यावर अजून विंडोज १०. दुकानदार म्हणतो नवीन मशीन घ्या, भाचा म्हणतो लिनक्स टाका, फुकट आहे.

भाच्याचं ऐका. पण लिनक्स फुकट आहे एवढ्यासाठी नको, कारण विंडोजच्या लायसन्सचे पैसे या छंदाच्या एकूण खर्चात फार मोठे नसतात. आधी सिम्युलेटर ठरवा, मग तो ज्यावर नीट चालतो ती ऑपरेटिंग सिस्टिम घ्या. लोक नेमकं उलटं करतात. आधी विंडोज की लिनक्स यावर महिनाभर वाद घालतात आणि मग लक्षात येतं, की हवं ते विमान त्यावर उडतच नाही.

तुमच्यासमोर खरे पर्याय दोनच. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर (२०२० किंवा २०२४ चा) आणि एक्स-प्लेन १२. मायक्रोसॉफ्टचा कॉम्प्युटरवर फक्त विंडोजसाठी बनतो. प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) वापरून तो लिनक्सवर चालवणारे हौशी लोक आहेत, त्यांच्या चिकाटीचं मला कौतुक वाटतं, पण पुढच्या अपडेटनंतर तो सुरू होईलच याची खात्री कोणी देत नाही. अभ्यासाचं साधन अशा भरवशावर ठेवू नका. शिवाय २०२४ च्या आवृत्तीसाठी शिफारस ३२ जीबी रॅमची आहे आणि बरंचसं दृश्य उडता उडता इंटरनेटवरून खाली येतं, त्यासाठी ५० एमबीपीएसची लाइन सुचवलेली आहे. तुमच्या मशीनवर तो धापा टाकेल.

एक्स-प्लेनचं तसं नाही. तो १९९५ साली मॅकवर जन्मला, नंतर विंडोजवर आणि लिनक्सवर आला. आजही तिन्हींसाठी अधिकृतपणे मिळतो आणि एकच लायसन्स तिन्हींवर चालतं. म्हणजे आज लिनक्स घेतलंत आणि दोन वर्षांनी नवीन विंडोज मशीन आलं, तरी पैसे वाया जात नाहीत. पंखाचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावर हवेचा किती जोर पडतो ते तो सतत मोजत असतो. सोबत येणारं सेसना १७२ जुन्या गोल काट्यांच्या पॅनेलसह मिळतं आणि जी१००० या डिजिटल कॉकपिटच्या स्क्रीनसहही. शिकाऊ पायलटसाठी आणखी एक मोलाची सोय म्हणजे, हवी ती बिघाडाची स्थिती आधी ठरवून देता येते. मध्येच व्हॅक्यूम पंप (काही काट्यांची यंत्रं चालवणारा) बंद पाडा आणि अॅटिट्यूड इंडिकेटर (विमानाचा कल दाखवणारं यंत्र) हळूहळू कलंडायला लागल्यावर ती कशावर विश्वास ठेवते ते बघा.

दृश्य मायक्रोसॉफ्टचं जास्त देखणं आहे, हे मान्य. पण तुमच्या मुलीला देखावा बघायचा नाही, इन्स्ट्रुमेंट स्कॅन (सगळ्या काट्यांवरून क्रमाने नजर फिरवणं) बसवायचा आहे. (विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएला सीपीएलसाठी लागणाऱ्या २०० तासांत घरच्या सिम्युलेटरचा एकही मिनिट धरला जात नाही. हे तिला आधीच स्पष्ट सांगा.)

आता तुमच्या मशीनकडे येतो. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं, तुमचा प्रोसेसर एका पिढीने हुकला. तपासणीला बगल देऊन ते बसवता येतं, यूट्यूबवर डझनभर व्हिडिओ आहेत. मात्र अशा मशीनला अपडेट मिळत राहण्याची हमी कंपनी देत नाही. ज्या मशीनवर मुलगी तिची ईमेलं बघणार, फ्लाइंग स्कूलचे फॉर्म भरणार, त्याच्यावर मी हा प्रयोग करणार नाही.

म्हणून उबुंटू २४.०४ हे लिनक्स टाका. एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ पाठिंब्याची आवृत्ती आहे, २०२९ पर्यंत नेहमीचे अपडेट मिळतील. नवीन लिनक्सच्या मोहात पडू नका, आणि याला तुमच्या बाबतीत एक ठोस कारण आहे. जीटीएक्स १०६० हे पास्कल पिढीचं कार्ड आहे. ते बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या लिनक्स ड्रायव्हरची ५८० ही मालिका त्या पिढीला चालणारी शेवटची. सतत ताजं होत राहणाऱ्या लिनक्समध्ये एखाद्या सकाळी ५९० येतो आणि स्क्रीन काळी. उबुंटूमध्ये ‘अॅडिशनल ड्रायव्हर्स’ उघडा, ५८० निवडा आणि तिथेच थांबा. आपोआप बसणारा ओपन सोर्स नूवो ड्रायव्हर एक्स-प्लेनसाठी चालत नाही, एनव्हिडियाचाच हवा.

मला सगळ्यात जास्त छळलं ते एका अगदी क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीने. एका विमानतळाची फुकट सीनरी (इमारती, धावपट्टी वगैरेंचं दृश्य) उतरवली होती. टर्मिनलच्या जागी काहीच नाही, सपाट गवत. दोन रात्री मी ड्रायव्हर बदलत बसलो. शेवटी लॉग फाइल उघडली तेव्हा कळलं, की सीनरी बनवणाऱ्याने फाइलच्या नावात पहिलं अक्षर कॅपिटल ठेवलं होतं आणि आतल्या यादीत तेच स्मॉल लिहिलं होतं. विंडोजला दोन्ही सारखंच, लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली. त्या दिवसापासून काहीही अडलं की मी आधी एक्स-प्लेनच्या फोल्डरमधली लॉग फाइल उघडतो आणि न सापडलेल्या फाइलचं नाव शोधतो. दहातल्या सात-आठ वेळा दुखणं तिथेच सापडतं. फाइलचं नाव बदललं की काम झालं.

जॉयस्टिक आणि योक (विमानाच्या स्टिअरिंगसारखी मूठ) याबद्दल लोक उगाच घाबरवतात. बहुतेक यूएसबी जॉयस्टिक वेगळ्या ड्रायव्हरशिवाय लिनक्समध्ये ओळखल्या जातात, जेएसटेस्ट-जीटीके नावाचा छोटा प्रोग्राम टाकला की प्रत्येक अक्ष आणि बटण हलताना दिसतं. अडचण येते ती दिवे, डिस्प्ले, स्विच-पॅनेल असलेल्या महागड्या वस्तूंना, कारण त्यांचं सॉफ्टवेअर बहुधा फक्त विंडोजसाठी असतं. डोक्याच्या हालचालीने दृश्य फिरवायचं असेल तर ओपनट्रॅक आहे. व्हीआर हेडसेट घ्यायचा विचार असेल तर मात्र माझं हे उत्तर फाडून टाका आणि सरळ विंडोज घ्या.

एक गोष्ट मुद्दाम वेळ काढून सांगतो, कारण शिकाऊ माणसासाठी ती फार महत्त्वाची आहे. फ्रेम रेट, म्हणजे स्क्रीनवर बदलणाऱ्या चित्रांचा वेग, सेकंदाला २० च्या खाली गेला, की एक्स-प्लेन विमानाचं गणित बिघडू नये म्हणून सिम्युलेटरमधला वेळच हळू करतो. स्क्रीनवर काहीच चुकल्यासारखं दिसत नाही. पण तुमची मुलगी होल्डिंग पॅटर्नचा (उतरण्याआधी हवेत थांबण्यासाठीच्या लांबट फेरीचा) एक मिनिटाचा लेग, म्हणजे सरळ टप्पा, हातातल्या स्टॉपवॉचवर मोजत असेल, तर तिचं मिनिट आणि विमानाचं मिनिट वेगळं पडतं. ती चुकीची लय पाठ करून बसेल आणि खऱ्या विमानात इन्स्ट्रक्टर विचारेल, हे कुठून शिकलीस? म्हणून डेटा आउटपुटमधून फ्रेम रेट कोपऱ्यात कायम दिसता ठेवा. तुमच्या कार्डावर ढग, सावल्या आणि अँटीअलायझिंग (कडा गुळगुळीत करणारं सेटिंग) खाली आणा, आकडा तिशीच्या वर स्थिर ठेवा. देखणे ढग आणि स्थिर वेळ यांत मी डोळे झाकून स्थिर वेळ निवडेन.

देखाव्याची हौस वेगळ्या वाटेने भागते. ऑर्थो४एक्सपी नावाचं फुकट साधन उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन बनवतं, आणि तेही तिन्ही सिस्टिमवर चालतं. ते पृथ्वीचे एक अंश बाय एक अंश असे चौकोन करतं. आपल्या अक्षांशावर एक चौकोन साधारण १११ किलोमीटर उंच आणि १०५ रुंद. १८ उत्तर ७३ पूर्व आणि १८ उत्तर ७४ पूर्व, एवढे दोन चौकोन बनवलेत की लोहगावपासून बारामतीपर्यंतचा सगळा मुलूख आला. पुरंदरचा डोंगर, जेजुरी, नीरेचे कालवे, भिगवणजवळचं उजनीचं पसरलेलं पाणी. बारामतीत खरंच फ्लाइंग ट्रेनिंग चालतं. तिथे शिकायला गेलीच, तर खालची जमीन बघून वाट ओळखायचा सराव तिने घरीच केलेला असेल. मी पहिल्यांदा असं उडालो तेव्हा कऱ्हेचं पात्र पकडून जेजुरीपर्यंत गेलो होतो, नकाशा न बघता. तो आनंद अजून आठवतो. मात्र एकेक चौकोन काही जीबी जागा खातो, म्हणून सिम्युलेटरसाठी निदान ५०० जीबीची वेगळी एसएसडी घ्या. विंडोज १० ची जुनी डिस्क पुसू नका, काढून बाजूला ठेवा. एकाच डिस्कवर दोन सिस्टिम नांदवण्यापेक्षा दोन डिस्क बऱ्या, एकीच्या अपडेटने दुसरीचं बूट बिघडत नाही.

आता समजा मुलीने हट्ट धरला, मायक्रोसॉफ्टचाच हवा. तर दुकानदार बरोबर आहे, नवीन मशीन आणि विंडोज ११ होम. प्रो लागत नाही, लॅपटॉपसोबत येणारं होम सिंगल लँग्वेजही पुरेसं आहे. पण दुकानातून ‘हलकं केलेलं’ विंडोज टाकून घेऊ नका. आमच्या ओळखीतल्या एकाच्या मशीनवर असंच कोणीतरी छाटलेलं विंडोज टाकून दिलं होतं. त्यातून स्टोअर आणि गेमिंग सर्व्हिसेस काढून टाकलेल्या, आणि स्टोअरवरून घेतलेल्या या सिम्युलेटरला त्याच लागतात. इन्स्टॉल पुन्हा पुन्हा अर्ध्यात पडायचं. शेवटी अस्सल विंडोज टाकलं तेव्हा त्याच संध्याकाळी विमान उडालं.

अस्सल विंडोजवरही पहिल्याच दिवशी तीन-चार गोष्टी करून घ्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबला वीज वाचवण्यासाठी बंद करायची परवानगी काढून टाका, नाहीतर लांबच्या उड्डाणात योक मध्येच झोपी जातो. डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हमध्ये गेलेलं असेल तर परत जागेवर आणा, काही अॅड-ऑन (सिम्युलेटरला जोडायच्या जादा गोष्टी) तिथे गोंधळतात. सिम्युलेटर प्रोग्राम फाइल्सच्या बाहेर स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा. अपडेटच्या अॅक्टिव्ह अवर्समध्ये संध्याकाळची सरावाची वेळ घाला.

मॅकबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. घरात आधीच एम-मालिकेचा मॅक असेल आणि त्याची मेमरी १६ जीबी किंवा जास्त असेल, तर एक्स-प्लेन १२ त्यावर छान चालतो. सिम्युलेटरसाठी म्हणून नवा मॅक घेऊ नका.

पुढेमागे तिला व्हॅटसिम या ऑनलाइन नेटवर्कवर खऱ्या माणसाशी, कंट्रोलर म्हणून बसलेल्याशी, रेडिओवर बोलायचा सराव करायचा असेल (जरूर करू द्या, आर/टीची, म्हणजे रेडिओवर बोलण्याची, भीती तिथेच जाते), तर त्याला जोडणारा एक्स-प्लेनसाठीचा एक्सपायलट हा प्रोग्राम लिनक्सवरही आहे. मायक्रोसॉफ्टवाल्यांचा व्हीपायलट फक्त विंडोजवर.

एक पैसाही खर्च करण्याआधी येत्या रविवारी एवढं करा. भाच्याला बोलवा, बाजूला पडलेल्या एखाद्या एसएसडीवर उबुंटू टाकायला लावा, ५८० ड्रायव्हर बसवा आणि एक्स-प्लेनचा फुकट डेमो उतरवा. त्यात वेळेची आणि प्रदेशाची मर्यादा आहे, पण फ्रेम रेट कळायला तेवढं पुरे. सेसना घेऊन ढगाळ हवेत विमानतळाभोवती एक सर्किट (फेरी) मारा आणि सर्वात कमी आकडा टिपून ठेवा. तो इथे लिहा, सोबत जॉयस्टिक आणि रडर पेडल्स कोणत्या मॉडेलची घेणार तेही लिहा. ती लिनक्सवर चालतात का आणि कोणतं सेटिंग किती खाली आणायचं, ते सांगतो.