चारशे घरं आणि कोयत्याचा हिशेब

प्रश्न : बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या उचलीवर (हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेवर) पीएचडी करत आहे. सूत्राने ४०० कुटुंबांचं सँपल निघतं. ओळखीचे दोन मुकादम (टोळ्या जमवणारे ठेकेदार) याद्या द्यायला तयार आहेत. जानेवारीत गावांत जाऊन प्रश्नावल्या भरून घेतल्या तर चालेल का?

उत्तर : जानेवारीत जाऊ नका. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या गाव सोडतात. मागे म्हातारी माणसं, काही मुलं आणि त्या हंगामात उचल न घेतलेली घरं राहतात. तुमचा विषयच गावात नसतो. मे ते ऑगस्ट हा काळ धरा.

मुकादमाची यादीही नको. त्याच्याशी ज्यांचं अजून जमतं तेच कोयते (ऊस तोडणाऱ्या जोड्या) तिच्यात असतात. ज्यांच्या अंगावर उचलीची बाकी राहिली, ज्यांचं भांडण झालं, ते गळतात. उचलीच्या अभ्यासात नेमके तेच हवेत.

आता ४०० बद्दल. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ±५ टक्के चूक धरली की हा आकडा येतो, पण तो साध्या यादृच्छिक निवडीसाठी. तुम्ही आधी गावं आणि मग घरं निवडणार, म्हणजे हा समूह नमुना. एका गावातली बरीच घरं एकाच मुकादमाकडची, त्यामुळे उत्तरंही एका वळणाची. २० गावांत प्रत्येकी २० घरं घेतली आणि गावातलं साम्य ०.०५ मानलं, तर १ + (१९ × ०.०५) = १.९५. ४०० ला या १.९५ ने भागा : ४०० घरांचं वजन जेमतेम २०५ घरांइतकं, आणि चूक ±७ टक्के. ±५ हवी असेल तर साधारण ७५० घरं लागतील. एकट्याला झेपत नसेल तर ४०० वर थांबा आणि प्रबंधात सरळ ±७ लिहा. त्यात कमीपणा काहीच नाही.

गावं २०११ च्या जनगणनेच्या यादीतून, लोकसंख्येच्या प्रमाणात काढा. गावात पहिला दिवस दारोदार मोजणीचा : गेल्या हंगामात तोडीला कोणी गेलं होतं का, एवढंच विचारा. त्या घरांतून २० चिठ्ठ्या काढा. अशी एकूण किती घरं सापडली ते नोंदवा, भारांकनाला, म्हणजे प्रत्येक घराच्या उत्तराला किती वजन द्यायचं हे ठरवायला, तो आकडा लागतो. कुलूप दिसलं म्हणून शेजारचं घर घेऊ नका. वेगळ्या वेळी आणखी दोनदा जा.

प्रश्नावलीत सर्वांत घात होतो तो ‘कोयता’ या शब्दाने. ‘तोडीला किती जण?’ याला ‘एक कोयता’ असं उत्तर येतं, आपण १ लिहितो आणि बाई हिशेबातून गायब. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचलही जोडीची. म्हणून माणसं नावानिशी लिहा. उचल कोणाच्या हातात पडली, खाडा (कामावर न गेल्याची कपात) कोणाच्या नावावर धरला, हे बाईंना वेगळं विचारा; तेव्हा मुकादम किंवा नवरा ऐकण्याच्या अंतरावर नको.

हंगामाअखेरीस बाकी कशी निघाली, हे मात्र प्रश्नावलीच्या रकान्यांत मावणार नाही. त्यासाठी याच ४०० मधून उचल फिटलेली, न फिटलेली आणि मुकादम बदललेली अशी मिळून १२-१५ कुटुंबं निवडा आणि सविस्तर मुलाखती घ्या.