लहानपणी तुम्ही थिएटरात सिनेमा बघायला कसे जायचात? तेव्हाची मजा काय होती?

आमच्या नशिबी थिएटर नव्हतं हो, तंबू होता. खटाव तालुक्यातलं गाव आमचं, 80 च्या दशकातली गोष्ट. मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरायची, त्यात टुरिंग टॉकीजचे तंबू लागायचे. दिवसभर जीप फिरायची, भोंग्यावरून "माताभगिनींसाठी बसण्याची स्वतंत्र सोय" वगैरे चालू, आणि आम्ही पोरं धुरळा खात जीपच्या मागं.

थंडी अशी की दात वाजायचे. घोंगडं घेऊन जायचं, खाली पोतं टाकायचं, मधे कनात, इकडं गडी तिकडं बायका. सुरुवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट पडद्यावर आलं की पहिली शिट्टी, कारण त्यावर किती रिळांचा पिक्चर ते लिहिलेलं असायचं आणि 16-17 आकडा दिसला की पैसा वसूल!! मशीन एकच, त्यामुळं रीळ संपलं की अंधार, दुसरं चढवेपर्यंत बोंबाबोंब, त्यात मधेच फिल्म तुटली तर ऑपरेटरच्या सात पिढ्यांचा उद्धार. लोकांना वैताग यायचा, मला मात्र तेच आवडायचं, मी मुद्दाम मशीनजवळ बसायचो. कार्बनच्या दोन कांड्या जवळ आणून तो उजेड पाडायचा, डोळे दिपायचे. फिल्म तुटली की टोकं कापून जोडायचा आणि कापलेले तुकडे खाली टाकायचा, आमचा डोळा त्याच्यावरच.

कारण खरा सिनेमा घरी आल्यावर. उडालेला बल्ब घ्यायचा, मागची टोपी हळूच फोडून आतलं सगळं काढायचं (काच लागायचीच), त्यात पाणी भरलं की झाली लेन्स. दार-खिडक्या बंद, दाराच्या फटीतून अंगणातला आरसा ऊन आत टाकणार, मधे फिल्मचा तुकडा उलटा धरायचा म्हणजे भिंतीवर सुलटं दिसतं, आणि पडदा आज्ज्याचं धोतर. फिल्म सेकंदाला 24 चित्रं पळते, म्हणजे दीड फूट, बरोब्बर एक हात. आमच्याकडं असायची वीतभर. म्हणजे अख्ख्या पिक्चरमधलं सेकंदभरसुद्धा नाही, त्यावर अर्धा तास शो चालवायचो. हिरो हलायचा नाही, मग डायलॉग आणि ढिशुम ढिशुम आम्ही तोंडानं करायचो. तिकीट दहा चिंचोके, फुकट्यांना अंगणात आरसा धरून उभं करायचं आणि तो आत बघायला वळला की भिंतीवरचा हिरो थेट आढ्याला, मग आतून शिव्या.

पुढं शिकायला साताऱ्याला आलो, खुर्च्यावाल्या थिएटरात बरेच पिक्चर बघितले. चांगले होते, पण तिथं मशीन भिंतीपलीकडं, बारक्या झरोक्यातून नुसता उजेड यायचा. ऑपरेटर काय करतोय काय कळायचंच नाही राव.