चालू पीठगिरणी विकत घ्यायची आहे. मालक वर्षाला 9 लाख नफा सांगून 28 लाख मागतात. किंमत रास्त आहे का?

माझ्या मते नाही. 9 लाख खोटे नसतीलही, पण ते त्यांच्या हातात पडतात. तुमच्या हातात किती पडतील ते वेगळं काढावं लागेल. तुम्ही लिहिलंय की गाळा त्यांचा स्वतःचा आहे आणि विकायचा नाही, चक्कीवर ते स्वतः उभे राहतात, गल्ल्यावर त्यांची बायको बसते, आणि नफा-तोटा पत्रकात घसारा (यंत्रांच्या झिजेपोटी दाखवलेला खर्च) 60 हजार, कर्जाचं व्याज 40 हजार दाखवलंय. एवढ्यावर हिशेब होतो.

कर्ज त्यांचं, म्हणून व्याज नफ्यात मिळवा. घसाऱ्यात रोख पैसा जात नाही, तोही मिळवा. झाले 10 लाख. आता वजाबाकी. गाळ्याचं भाडं महिना 18 हजार धरलं तर वर्षाचे 2.16 लाख. गल्ल्यावर माणूस ठेवलात तर 12 हजारांप्रमाणे 1.44 लाख. उरले 6.40. पण दगड झिजतात, पट्टे तुटतात, मोटर जळते, मसाल्याचा डंका कधीतरी बदलावा लागतो. त्यासाठी वर्षाला 60 हजार बाजूला काढा. अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी भागधारकांना लिहिलेल्या 1986 सालच्या पत्रात याच वजाबाकीवर जोर दिला होता, आणि विकणारे नेमकी हीच विसरतात. राहिले 5.80 लाख. तुमची मेहनत महिना 25 हजारांची धरली तर भांडवलाची कमाई फक्त 2.80 लाख.

28 लाखांवर 2.80 म्हणजे 10 टक्के. एवढ्यासाठी रोज पीठ अंगावर कोण घेईल? अशा धंद्यात मी 25 टक्क्यांखाली जाणार नाही, म्हणजे किंमत 11-12 लाख.

आणि हा सगळा डोलारा त्यांच्या 9 लाखांवर उभा आहे, ते तपासा. आयकराच्या अंदाजी योजनेत भरलेलं रिटर्न असेल तर त्यावरून खरा नफा कळत नाही. तिथे उलाढालीच्या 8 टक्के, डिजिटल रकमेवर 6 टक्के नफा म्हणून दाखवले की भागतं. त्यापेक्षा बारा महिन्यांची लाइट बिलं मागा. 10 एचपीची मोटर पूर्ण भारावर तासाला साधारण आठ युनिट खाते. तासाभरात किती किलो दळण निघतं ते तिथे उभं राहून मोजा, दर माहीतच आहे, म्हणजे युनिटांवरून वर्षाचा गल्ला काढता येतो. मार्च ते मे मसाल्याचा हंगाम, तेव्हा युनिट चढलेले दिसले पाहिजेत. नुसत्या एप्रिलच्या गल्ल्याला बाराने गुणू नका. “बिलाबाहेरचा धंदा वेगळाच आहे” असं म्हणाले तर त्याचे पैसे देऊ नका.

गाळ्याचा करार 11 महिन्यांचा देत असतील तर 12 लाखसुद्धा जास्त. पाच वर्षांचा, नोंदणी केलेला मागा.