कायदेविषयक प्रश्नोत्तरे : न वटलेला धनादेश आणि फिर्यादीची तयारी

प्रश्न : कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरमध्ये माझे छोटे मशीनशॉप आहे. पुण्याच्या एका भागीदारी संस्थेला कास्टिंगचे मशीनिंग करून दिले. त्यापोटी मिळालेला ३,८०,००० रुपयांचा धनादेश आठ दिवसांपूर्वी ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ या शेऱ्यासह परत आला. संस्थेचे भागीदार कधी ‘पुढच्या आठवड्यात पुन्हा भरा’ म्हणतात, तर कधी ‘तो चेक सिक्युरिटी म्हणून कोरा दिला होता’ असे सांगतात. तक्रार पोलिसांत करावी की न्यायालयात? त्यासाठी पुण्याला जावे लागेल का?

उत्तर : धनादेश न वटणे हा गुन्हा ठरवणाऱ्या, चलनक्षम दस्तऐवज अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खालील फिर्याद पोलीस ठाण्यात नव्हे, तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात लेखी दाखल करावी लागते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, धनादेश आपल्या खात्यात जमा करून वसुलीसाठी पाठवला असेल, तर आपले खाते ज्या शाखेत आहे त्या शाखेच्या हद्दीतील न्यायालयात खटला चालतो. आपले खाते कोल्हापुरातील शाखेत असल्यास आपल्याला पुण्याला जाण्याचे कारण नाही. उलट भागीदारांनाच येथे हजर राहावे लागेल. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाल्याने येथील खटल्यातील एखाद्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याची वेळ आली, तरी मुंबईची फेरी टळते.

तथापि अशी प्रकरणे बहुधा साक्षीपुराव्यापेक्षा तारखांवर आणि नोटिशीच्या मजकुरावर बिघडतात, म्हणून माझा सारा आग्रह तेथे आहे. बँकेकडून धनादेश परत आल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत रकमेची लेखी मागणी करणारी नोटीस पाठवावी लागते. ती मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत देणेकऱ्याला असते आणि त्या मुदतीत रक्कम न आल्यास पुढील एक महिन्यात फिर्याद दाखल करावी लागते. समजा, धनादेश परत आल्याचा बँकेचा मेमो (लेखी शेरा) ३ जूनला हाती आला, तर नोटीस ३ जुलैपर्यंत रवाना झाली पाहिजे. ती २० जूनला पोहोचली असेल, तर ५ जुलैचा दिवस संपेपर्यंत फिर्याद करता येत नाही आणि ६ ऑगस्टनंतर ती मुदतबाह्य ठरते. फिर्यादीच्या विलंबाला सबळ कारण दाखवल्यास न्यायालय तो माफ करू शकते, पण नोटिशीच्या ३० दिवसांना अशी सवलत कायद्यात नाही. फोनवरच्या गोड आश्वासनांत हेच दिवस वाया जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

धनादेश पुन्हा भरण्यास हरकत नाही. धनादेशावरील तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तो पुन्हा सादर करता येतो आणि नव्याने परत आल्यास नव्याने नोटीस देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र ही मुदत संपत आली असेल, तर देणेकऱ्याच्या शब्दावर न थांबता नोटीस काढावी.

नोटिशीत धनादेशाचा क्रमांक, तारीख, बँक, परत येण्याचे कारण आणि धनादेशावरील नेमकी रक्कम लिहावी. व्याज किंवा नोटिशीचा खर्च मागायचाच असेल, तर तो वेगळा दाखवावा, धनादेशाच्या रकमेत मिसळू नये. संस्था आणि व्यवहार पाहणारे भागीदार या सर्वांना नोटीस पाठवावी आणि फिर्यादीतही संस्थेला आरोपी करण्यास विसरू नये. नोटीस योग्य पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवली असेल, तर ‘घेण्यास नकार’ अशा शेऱ्याने परत आलेला लिफाफाही आपल्या उपयोगी पडतो. तो न फोडता तसाच जपून ठेवावा.

‘कोरा चेक दिला होता’ हा बचाव वाटतो तितका भक्कम नाही. सही मान्य असेल, तर धनादेश कायदेशीर देण्यापोटीच दिला होता असे न्यायालय कलम १३९ नुसार गृहीत धरते, आणि कोऱ्या पण सही केलेल्या धनादेशालाही हे गृहीतक लागू पडते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आहे. परंतु हे गृहीतक खोडून काढण्याची संधी आरोपीला असते. म्हणून मूळ धनादेश, बँकेचा मेमो, नोटिशीची स्थळप्रत आणि पोस्टाची पावती यांच्या जोडीला जॉबवर्कची बिले, सही-शिक्क्याची डिलिव्हरी चलने आणि खातेउतारा आजच एकत्र करावा. व्हॉट्सअॅपवरील कबुली दाखल करायची असल्यास भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र सोबत लागते.

प्रश्न : शाहू मार्केट यार्डात माझा गुळाचा व्यापार आहे. २,५०,००० रुपयांचा धनादेश घेतल्यावर, तो भरण्याआधीच खरेदीदाराने १,००,००० रुपये माझ्या खात्यात जमा केले. मी धनादेश पूर्ण रकमेचाच भरला आणि तो परत आला. आता नोटीस किती रकमेची द्यावी?

उत्तर : सध्याच्या स्थितीत आपण नोटीस देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. धनादेश दिल्यानंतर आणि तो भरण्यापूर्वी काही रक्कम मिळाली असेल, तर तशी नोंद कलम ५६ नुसार धनादेशावर करून उरलेल्या रकमेसाठीच तो भरावा लागतो. तसे न करता पूर्ण रकमेचा धनादेश भरल्यास, तो परत आला तरी कलम १३८ चा गुन्हा होत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निर्णय आहे. धनादेशाची मुदत शिल्लक असेल, तर ही नोंद करून तो पुन्हा भरता येईल. त्याहून सोपा मार्ग म्हणजे जुना धनादेश परत करून १,५०,००० रुपयांचा नवा घ्यावा. खरेदीदार त्यालाही तयार नसेल, तर देणे झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दिवाणी न्यायालयात उरलेल्या रकमेच्या वसुलीचा दावा लावावा. गुळाच्या सौद्याच्या पट्ट्या आणि खात्यात आलेल्या १,००,००० रुपयांची नोंद हे त्या दाव्यातील आपले मुख्य पुरावे राहतील.