वाचकांचे प्रश्न : आजी-आजोबा, नातवंडं आणि मे महिन्याची सुट्टी

सुट्टीत नातवंडांना गुंतवून कसं ठेवायचं, असं विचारणारी बरीच पत्रं आली आहेत. मुलाला नुसतं बसवून ठेवणारं काम सुचवण्यापेक्षा, जिथे त्याच्यावाचून काम अडेल असं काही सुचवायचं, असं आम्ही ठरवलं. पाच पत्रांना उत्तरं देत आहोत.

नात सात वर्षांची आहे. तिला बरोबर घेऊन साबुदाण्याच्या चिकवड्या घालायच्या आहेत. आमच्या गॅलरीत सकाळी साडेसात ते अकरा एवढंच ऊन येतं. मागच्या वर्षी काही चिकवड्या चिरल्या, काही तळल्यावर मध्ये टणक राहिल्या. काय चुकलं असेल? — एक आजी, ठाणे

टणकपणाचं मूळ बहुतेक वेळा पातेल्यात असतं, उन्हात नाही. दाण्याच्या पोटात कच्चा पांढरा ठिपका राहिला की तो भाग तेलात फुलत नाही आणि दाताखाली खड्यासारखा लागतो. चिरण्याला दोन कारणं असतात. एक, मिश्रण फार पातळ. ते पसरून कागदासारखं होतं आणि वाळताना ताण सहन करत नाही. दुसरं, चिकवड्या अर्ध्याओल्या असताना जोरात लागलेला पंख्याचा वारा.

गॅलरीच्या मानाने एका वेळी एकच वाटी साबुदाणा घ्या. तो धुवून रात्री २ वाट्या पाण्यात भिजत ठेवा. सकाळी जाड बुडाच्या पातेल्यात त्याच वाटीने ४ वाट्या पाणी उकळा. त्यात पाऊण चहाचा चमचा मीठ, अर्धा चमचा जिरं आणि एक-दोन वाटलेल्या मिरच्या घालून साबुदाणा सोडा. मिश्रण चाखल्यावर किंचित अळणी लागायला हवं, कारण पाणी उडालं की मीठ पुढे येतं. मंद आचेवर १५ ते २० मिनिटं, बुडाला लागू न देता सतत ढवळत राहा.

शिजलं का, हे ठरवायचं काम नातीचं. स्टीलच्या ताटलीवर चमचाभर मिश्रण टाका, गार होऊ द्या आणि ताटली खिडकीपाशी नेऊन तिला पांढरे ठिपके मोजायला सांगा. चष्म्यातून जे निसटतं ते सात वर्षांच्या डोळ्यांना लगेच दिसतं. टाचणीच्या टोकाएवढा एखादा ठिपका चालेल, पण चार-पाच दिसले तर पातेलं परत गॅसवर. मिश्रण पळीतून सलग धारेने न पडता गोळ्यागोळ्याने पडावं आणि प्लास्टिकवर पडल्यावर आपोआप थोडं पसरावं.

आता जपायची गोष्ट. हे गरम मिश्रण अंगावर पडलं तर पाण्यासारखं ओघळून जात नाही, चिकटून बसतं आणि खोल भाजतं. म्हणून पातेलं कायम तुमच्याच हातात. दहा मिनिटं थांबा, मग छोट्या वाडग्यात काढून तिच्यापुढे ठेवा. मोठ्या चमच्याने एक-एक चिकवडी, दोहोंमध्ये दोन बोटांची जागा. एका वाटीच्या पन्नास-साठ होतात. मिश्रण फार गार झालं तर ढेकळं पडतात, तेव्हा दोन चमचे उकळतं पाणी घालून ढवळून घ्या.

तुमच्याकडच्या साडेतीन तासांच्या उन्हात चार दिवस लागतील. पहिल्या दिवशी चिकवड्यांना हात लावू नका. दुसऱ्या दिवशी कडा स्वतःहून उचलल्या की उलटायच्या, आणि इथे मुलांची बारीक बोटं आपल्यापेक्षा चांगली चालतात. जी निघत नाही ती ओढायची नाही, तिला अजून एक ऊन हवं आहे. वरून जुनी मलमलची ओढणी घाला. ऊन गेल्यावर पंखा लावलात तर तो हळू ठेवा. चौथ्या दिवशी एक मोडून बघा. कट्‌कन तुटली तर झाली, वाकली तर नाही. डबा भरण्याआधी एक तळून नातीला द्या.

कुरडया मात्र या वयात नकोत. गव्हाचा तीन दिवसांचा चीक आणि सोऱ्या दाबायला लागणारा जोर, यात मूल नुसतं बघत बसतं. आणि जे काही वाळवण घालायचं ते वळवाच्या सरी सुरू होण्याआधी घाला.

गुडघेदुखीमुळे मला जमिनीवर बसता येत नाही. दोन नातवंडं आहेत, वय ६ आणि ११. दोघांना एकत्र खेळवता येईल असा आपल्याकडचा खेळ सुचवा. — एक आजोबा, सांगली

अष्टचंगपे. काही घरांत यालाच चल्लस-आठ म्हणतात. टेबलावर उत्तम खेळता येतो आणि त्याचे फासे घरी बनवता येतात. फासे बनवण्यातच एक दुपार जाते.

चार मोठे, सारख्या आकाराचे चिंचोके घ्या. खरखरीत फरशीवर किंवा पाट्याच्या मागच्या बाजूवर प्रत्येकाची एक बाजू घासायची. तपकिरी साल जाऊन आतला पांढरा भाग सपाट दिसू लागला की थांबायचं. घासताना चिंचोका चांगलाच तापतो, म्हणून मधूनमधून पाण्यात बुडवा. एक बाजू पांढरी, एक तपकिरी, झाला फासा. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर खेळ संपताच चिंचोके मोजून डबीत ठेवा.

पुठ्ठ्यावर ५ × ५ अशी २५ घरं आखा. चारही बाजूंच्या मधल्या घरांवर आणि मध्यावरच्या घरावर फुली मारा. बाजूची फुली हे एकेका खेळाडूचं घर, आणि फुलीवरच्या सोंगटीला कोणी मारू शकत नाही. चिंचोके टाकल्यावर जितके पांढरे तितकं दान. चारही पांढरे पडले तर ४, चारही तपकिरी पडले तर ८, आणि या दोन्ही दानांना पुन्हा टाकायला मिळतं. सोंगटी आपल्या घरातून निघून बाहेरची १६ घरं घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, मग आतली ८ घरं सुलट दिशेने, आणि शेवटी मध्यावर पोचते. बाहेरच्या घरावर दुसऱ्याची सोंगटी सापडली की ती मारायची. ती परत आपल्या घरी जाते.

गावागणिक नियम थोडे बदलतात. तुमच्या घरी जे होते तेच शिकवा, फक्त सहा वर्षांच्या मुलासाठी दोन सवलती ठेवा. ४ किंवा ८ पडल्याशिवाय सोंगटी बाहेर काढायची नाही, हा नियम सोडून द्या, कारण नुसतं वाट बघत बसण्याने लहान मूल खेळातून उठतं. आणि चारऐवजी दोनच सोंगट्या घ्या, म्हणजे डाव लांबत नाही. एक कडक नियम मात्र ठेवा : एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरायचं नाही. खेळात चुरस येते ती त्यामुळेच.

अकरा वर्षांच्या नातवंडाकडे वही द्या. शंभर दानांत कोणतं किती वेळा पडलं, ते मांडून ठेवायला सांगा. दोन्ही बाजू सारख्याच पडणाऱ्या फाशांत सोळा दानांमागे सरासरी सहा वेळा २ पडतात, आणि ४ व ८ एकेकदाच. घासलेल्या चिंचोक्यांचा हिशेब याहून वेगळा निघेल. कोणता चिंचोका सारखा एकाच बाजूवर पडतो, याचा शोध त्यालाच लावू द्या.

आंबा खाल्ल्यावर नात कोय कुंडीत पुरते, पण उगवत काहीच नाही. — एक आजी, नाशिक

कोय वाळली की आतलं बी मरतं, म्हणून आंबा खाल्ल्यावर दोन-तीन दिवसांत लावा. कोय घासून धुवा, एक दिवस सावलीत सुकवा. मग कवचाची कड कात्रीने कापून आतलं बी अख्खं बाहेर काढा. कापायचं काम तुमचं. कवचासकटही कोय रुजते, पण उशिरा. शिवाय आत बी किडलेलं असेल तर कळत नाही. बी कुशीवर, फुगीर कड वर करून, दोन सेंटिमीटर खोल लावा. माती ओलसर ठेवा, चिखल करू नका. दोन-तीन आठवड्यांत तांबूस कोंब येतो. हापूसच्या कोयीला हापूसच लागेल असं नाही, हे नातीला आत्ताच सांगून ठेवा.

नातू नऊ वर्षांचा, न्यू जर्सीला असतो. व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटांत कंटाळतो. लांबून एकत्र काय करता येईल? — एक आजोबा, पुणे

तुमच्याकडे मेमध्ये एक दिवस असा येतो की भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. तिला शून्य सावली म्हणतात. पुण्यात हा दिवस १३ मेच्या सुमारास येतो, कोल्हापुरात ६-७ मे, मुंबईत १५-१६ मे आणि नागपुरात २६ मेच्या आसपास. जुलैअखेरीस तो पुण्यात पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. नातवाची शाळा मेमध्ये चालू असते, म्हणून १३ मेच्या जवळचा शनिवार-रविवार घ्या. दोन दिवस इकडेतिकडे झाले तरी मीटरभर काठीची सावली सेंटिमीटरभरच राहते.

पुण्यात वेळ साधारण १२ वाजून ३१ मिनिटांची. गच्चीवर सपाट जागी स्टीलचा उभट डबा आणि प्लंबिंगच्या पाइपचा हातभर तुकडा उभा ठेवा. डब्याची सावली बुडाखाली शिरते आणि पाइपच्या आत तळाशी उन्हाची गोल चकती पडते. पाइप सरळ उभा आहे ना, हे दोऱ्याला दगड बांधून तपासा. दहा मिनिटं आधी जा, फोटो झाले की उतरा. डोक्यावर टोपी हवी, आणि सूर्याकडे बघायचं नाही, हे नातवालाही बजावा.

त्याने त्याच दिवशी १०० सेंटिमीटरची काठी अंगणात उभी करावी आणि तिथल्या १२.३५ ते १.१५ या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करावी. सर्वांत आखूड सावली १ वाजायच्या थोडं आधी पडेल. तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजत आलेले असतील, म्हणजे कॉल चालू ठेवून तुम्हाला सगळं बघता येईल. सावली भरेल ४० सेंटिमीटरच्या जवळपास.

मग दोघांनी आलेखाच्या कागदावर २० सेंटिमीटरची काठी आणि ८ सेंटिमीटरची सावली काढून काठीच्या टोकाशी होणारा कोन मोजायचा. तो २२ अंशांच्या आसपास येतो. पुण्यात त्या दिवशी सूर्य अगदी डोक्यावर असतो, म्हणून हा कोन म्हणजेच दोन्ही गावांच्या अक्षांशांतला फरक. दर अंशाला १११ किलोमीटर धरले तर नातवाचं घर पुण्याच्या अक्षांशापासून सुमारे २४०० किलोमीटर उत्तरेला आहे, हे काठी आणि खडूने त्याने स्वतः काढलं. नकाशातले आकडे त्याला नंतर बघू द्या. उत्तर फार चुकलं तर काठी तिरकी होती असं समजा आणि पुढच्या रविवारी परत करा.

नातवाला पन्हं करायला शिकवायचं आहे, पण मला मधुमेह आहे. — एक आजोबा, अकोला

गर आणि गोड वेगळं ठेवा. दोन मोठ्या कैऱ्या कुकरमध्ये तीन शिट्ट्या देऊन शिजवा आणि पूर्ण गार होऊ द्या. साल सोलून गर कोयीपासून पिळून काढणं नातवाचं काम. त्यासाठी स्टीलचं किंवा काचेचं भांडं घ्या, आंबटाने ॲल्युमिनियमला चव लागते. त्याच्या वाट्याच्या एक वाटी गरात दीड वाटी किसलेला गूळ, पाव चमचा मीठ आणि वेलदोडा घालून बाटलीत भरा, फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. ग्लासाला दोन मोठे चमचे पुरतात.

तुमच्या ग्लासात बिनगुळाचा एक चमचा गर, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूट मीठ आणि चुरडलेला पुदिना. गुळाने साखर वाढत नाही असं समजू नका, ती साखरेसारखीच वाढते. रक्तदाब असेल तर मीठही वगळा. आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर अकोल्याच्या उन्हाळ्यात रोज किती पाणी प्यायचं, हे डॉक्टरांना विचारून आकडा लिहून घ्या. तो कागद फ्रिजवर लावा आणि ग्लास मोजायचं काम नातवाकडे द्या.