वाचकांचे प्रश्न : खरी दुर्घटना पडद्यावर आणताना

प्रश्न : राष्ट्रीय दुर्घटनेवर वेबमालिका लिहितो आहोत. ‘सत्य घटनेवर आधारित, काही प्रसंग काल्पनिक’ अशी पाटी टाकली की पुरे ना?

उत्तर : नाही. पाटी फार तर कायद्यापुरती उपयोगी. मृतांच्या आप्तांना तिचा आधार नाही. त्यांना पहिल्या खर्ड्याआधीच भेटा. चित्रीकरणाच्या तोंडावर भेटलात तर पात्रे ठरलेली, पैसे अडकलेले आणि भेट केवळ उपचार ठरते.

सर्वांत मोठा अन्याय कल्पित दोषामुळे होतो. नाट्य वाढवण्यासाठी खऱ्या नावाच्या मृताला भित्रा किंवा फितूर दाखवले, तर खुलासा करायला तो नाही. असा प्रसंग हवाच असेल तर नाव, व्यवसाय, चेहरेपट्टी सगळे बदला. शेवटच्या फोनचे खरे ध्वनिमुद्रण ट्रेलरमध्ये मुळीच नको. मालिका माणूस निवडून पाहतो, ट्रेलर मात्र न मागता समोर येतो.

मालिकेच्या कमाईतून मृतांच्या आप्तांना किंवा स्मारकाला देणगी देणार असाल, तर ती निव्वळ नफ्यावर ठरवू नका, खर्च वजा होता होता तो कागदावर शून्य होतो. एकूण उत्पन्नावर टक्का लिहा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांत अपहरण झालेल्या विमानावरील ‘युनायटेड ९३’ (२००६) या चित्रपटाच्या पहिल्या तीन दिवसांच्या अमेरिकेतील गल्ल्यातले १० टक्के त्या विमानातील मृतांच्या स्मारकासाठी जाहीर झाले होते.